टाचण आणि नोंद यांच्यामधले इंग्रजी

प्राथमिक शाळेतील शिक्षकाजवळ दोन वह्या असतात. एकीत पाठाचे टाचण असते: कोणता घटक, कोणते उद्दिष्ट, कोणते साहित्य, किती तासिका. दुसरीत मुलांच्या नोंदी असतात: कोणाला काय येते, कोण कोठे अडखळतो, कोणास कोणती श्रेणी. पहिली वही पाठाच्या आधी लिहावयाची, दुसरी नंतर. दुसरीत जे लिहिले गेले त्यावरून पहिलीचे पुढचे पान ठरावे, ही अपेक्षा अध्यापनशास्त्राच्या कोणत्याही प्राथमिक पुस्तकात सापडेल. प्रत्यक्षात या दोन वह्या वर्षभर शेजारीशेजारी राहूनही एकमेकींशी बोलत नाहीत. मराठीच्या बाबतीत हा अबोला काही अंशी खपून जातो, कारण शाळेतील उणीव घर आणि गाव थोडीफार भरून काढतात. गणितातही बाजारहाट आणि मजुरीचे हिशेब मुलाच्या मदतीस येतात. इंग्रजीत अशी भरपाई करणारे वर्गाबाहेर कोणीच नसते.

शहापूर तालुक्यातील किन्हवली हे मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावरील बाजाराचे गाव. भोवती भातखाचरे, त्यापलीकडे माळ आणि जंगल, आणि त्यांत विखुरलेल्या वाड्या व पाडे. कुणबी, आगरी, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी अशी परिसरातील संमिश्र वस्ती. तानसा आणि भातसा या धरणांतून मुंबईची तहान भागविणारा हा तालुका. मुंबईशी त्याचे नाते पाण्याचे आहे, रोजगाराचे आहे, आसनगावच्या लोकलचे आहे. इंग्रजीशी मात्र या भागाचे नाते विचित्र म्हणावे लागेल. ते सर्वत्र दिसते आणि कोठेही ऐकू येत नाही. औषधाच्या पाकिटावर, खताच्या गोणीवर, मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांच्या फाटकांवर, मोबाइलच्या पडद्यावर इंग्रजी अक्षरे आहेत. पण घरात, शेतात, एस.टी.त त्याचे एक सबंध वाक्य कानी पडत नाही. पुण्या-मुंबईच्या सुखवस्तू घरातील मुलास इंग्रजी आधी ऐकून येते आणि मग शाळेत त्याची परीक्षा होते. किन्हवली परिसरातील मुलास ते शाळेतच, आणि तेही दिवसाकाठी एका तासिकेपुरते भेटते. त्या तासिकेत काय करावयाचे, आणि जे केले त्यातून मुलाच्या पदरात काय पडले हे कसे ओळखावयाचे, यावर त्या मुलाच्या पुढील आयुष्यातील पुष्कळ दारे उघडणे वा न उघडणे अवलंबून आहे.

इंग्रजी कोणत्या इयत्तेपासून शिकवावे यावर महाराष्ट्राने भरपूर वाद घातला आहे. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात ते आठवीपर्यंत मागे ढकलले गेले, पुढे पाचवीवर आले, आणि जून २००० मध्ये, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, पहिलीवर येऊन ठेपले. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुले २०१० च्या मार्चमध्ये शालान्त परीक्षेपर्यंत पोचली. म्हणजे दहा वर्षे इंग्रजी शिकलेल्या मुलांच्या तुकड्या शाळेबाहेर पडू लागल्यालाही आता दीड दशक लोटले. या साऱ्या काळात चर्चा झाली ती केव्हा सुरू करावे याची. शिकविलेले रुजले की नाही हे ताडून कसे पाहावे, हा विषय शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांच्या बाहेर फारसा आलाच नाही.

ताडून पाहण्याचा एक साधा मार्ग ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीने दाखविला. पाहणी करणारा मुलाच्या घरी जातो. एका कागदावरील मोठी अक्षरे, मग लहान अक्षरे, मग सोपे शब्द, मग सोपी वाक्ये त्याला वाचावयास सांगतो, आणि वाचलेल्याचा अर्थ विचारतो. २०१६ आणि २०२२ या दोन्ही वर्षांच्या पाहण्यांत ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी जेमतेम चौथ्या हिश्शाला ही सोपी वाक्ये वाचता आली; आठवीतही हे प्रमाण निम्म्याच्या खालीच राहिले. आकडे देशाचे आहेत, किन्हवलीचे नव्हेत. पण ज्यांना वाक्य वाचता आले नाही ती मुलेही आपापल्या शाळेत वरच्या वर्गात गेलेली होती आणि त्यांच्या प्रगतिपत्रकात इंग्रजीपुढे कोणती ना कोणती श्रेणी लिहिलेली होती. ती श्रेणी कशावरून लिहिली गेली, हा खरा प्रश्न आहे.

शिक्षणहक्क कायद्याने सातत्यपूर्ण आणि सर्वंकष मूल्यमापनाची अट घातली, आणि त्यानुसार महाराष्ट्र शासनाने २० ऑगस्ट २०१० रोजी निर्णय काढला. मूल्यमापनाचे दोन भाग झाले: आकारिक आणि संकलित. पहिली-दुसरीत आकारिकाचा वाटा ७० टक्के आणि संकलिताचा ३०. हा तोल वरच्या वर्गांकडे झुकत जाऊन सातवी-आठवीत ४० आणि ६० झाला. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर अशी आकारिकाची आठ साधने ठरली. कागदावर ही योजना उत्तमच होती, आणि आजही ती वाचताना तिच्या कर्त्यांना मूल कसे शिकते याची जाण होती असेच वाटते. ‘आकारिक’ हा शब्द कानाला जड वाटला तरी त्यामागची कल्पना सरळ आहे. मायकेल स्क्रिव्हेन यांनी १९६७ मध्ये ही जोडी प्रथम मांडली ती अभ्यासक्रमाच्या परीक्षणासाठी. बेंजामिन ब्लूम यांनी ती वर्गातील मुलापर्यंत आणली. मडके चाकावर असताना कुंभार बोटांनी जे चाचपतो ते आकारिक. भट्टीतून निघाल्यावर गिऱ्हाईक टिचकी मारून पाहते ते संकलित. चाकावर चाचपलेले चाकावरच सुधारता येते.

परंतु या चाचपण्याची लेखी नोंद शासनाला हवी झाली, आणि तेथे योजनेचा जीव गुदमरला. २५ मुलांचा वर्ग, आठ-नऊ विषय, वर्षाची दोन सत्रे, एवढा साधा गुणाकार केला तरी चारशे ते साडेचारशे वर्णनात्मक नोंदी होतात. दोनशिक्षकी शाळेत दोन किंवा तीन इयत्ता एकाच खोलीत सांभाळणाऱ्या शिक्षकाने, पोषण आहाराचा हिशेब, मतदारयाद्या आणि ऑनलाइन माहिती यांतून सवड काढून त्या लिहावयाच्या. मग जे व्हावयाचे तेच झाले. तयार नोंदींच्या पुस्तिका निघाल्या. पुढे मोबाइलवर त्यांच्या याद्या फिरू लागल्या. इंग्रजी शब्दांचे उच्चार चांगले करते, संभाषणात भाग घेते, सूचना समजून घेते, अशी वाक्ये यादीतून उचलावयाची आणि हजेरीपटाच्या क्रमाने वाटून द्यावयाची. पटावरील सातव्या मुलाच्या नावापुढे जे लिहिले ते सतराव्याच्या नावापुढे लिहिले असते तरी कोणाचे काही बिघडले नसते. एखाद्या मुलाविषयीचे वाक्य दुसऱ्या कोणत्याही मुलाला चालत असेल, तर ते कोणाविषयीच नसते.

यात शिक्षकाला दोषी धरून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्याय्य ठरणार नाही. तपासणीसाठी लिहावयाची सवय आपल्याकडे दीडशे वर्षांची आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात शाळांना अनुदान मिळे ते परीक्षेच्या निकालावर. डेप्युटीसाहेबांनी येऊन मुलांची परीक्षा घ्यावयाची आणि पास झालेल्या डोक्यांच्या हिशेबाने शाळेला पैसे द्यावयाचे. अनुदानाची ती रीत केव्हाच गेली. साहेब आला की वही पुढे करावयाची, ही रीत राहिली. टाचणवहीवर मुख्याध्यापकाची स्वाक्षरी असते, केंद्रप्रमुखाचा शेरा असतो. पण कालच्या पाठात काय फसले म्हणून आजचे टाचण बदलले, असे त्या वहीत कोठे लिहिलेले आढळले तर तपासणाऱ्याच्या दृष्टीने ती गुणाची बाब ठरण्याऐवजी खाडाखोड ठरण्याचाच संभव अधिक.

मूल्यमापन आणि नियोजन यांची फारकत इंग्रजीत किती घातक ठरते, हे एका साध्या पाठावरून पाहता येईल. पाचवीचा वर्ग आहे. शिक्षकाने वर्गात एक टोपली आणली आहे, तिच्यात तीन अंडी ठेवली आहेत, आणि ‘देअर आर थ्री एग्ज इन द बास्केट’ हे वाक्य शिकवावयाचे आहे. मराठी मुलाच्या दृष्टीने हे वाक्य फार अवघड आहे, हे इंग्रजी सरावाचे झालेल्या माणसाच्या ध्यानातही येत नाही. आपण म्हणतो, टोपलीत तीन अंडी आहेत. आधी ठिकाण, मग वस्तू, शेवटी क्रियापद. ठिकाण दाखविण्यासाठी आपल्याला वेगळा शब्द लागत नाही. ‘त’ हा प्रत्यय पुरतो. इंग्रजीत मात्र वाक्याच्या तोंडाशी ‘देअर’ हा शब्द नुसता उभा करावा लागतो. त्यास येथे मराठी प्रतिशब्दच नाही. ‘देअर म्हणजे तेथे’ असे फळ्यावर लिहिणारा शिक्षक अजाणता मुलाला आडवाटेला लावतो.

आता चार मुलांची उत्तरे पाहावीत. पहिली मुलगी म्हणते, ‘बास्केट थ्री एग्ज आर.’ दुसरा मुलगा म्हणतो, ‘देअर इज थ्री एग.’ तिसरी मुलगी पुस्तकातील वाक्य खणखणीत आवाजात, एकही चूक न करता वाचते. पण शिक्षकाने एक अंडे उचलून घेऊन पुन्हा विचारले तरी ती ‘थ्री एग्ज’च म्हणते. चौथा मुलगा तोंडच उघडत नाही. मात्र ‘पुट टू एग्ज इन द बास्केट’ असे सांगताच तो उठतो आणि बरोबर दोन अंडी टोपलीत ठेवतो.

लेखी चाचणी घेतली तर तिसऱ्या मुलीला पूर्ण गुण मिळतील, पहिल्या दोघांना चुकीची फुली, आणि चौथ्याला शून्य. वस्तुतः पहिलीला शब्द आले आहेत, अनेकवचन आले आहे, क्रियापदही वचनाप्रमाणे चालले आहे. तिने केवळ मराठी वाक्याच्या साच्यात इंग्रजी ओतले. दुसऱ्याला साचा सापडला आहे, एक आणि अनेक यांत तो गोंधळला आहे. चौथा सर्व समजतो, बोलण्याचे धैर्य त्याला अजून नाही. भाषा शिकताना ऐकणे बोलण्याच्या पुढे धावते हे कोणत्याही आईला ठाऊक असते. आणि पूर्ण गुण मिळविणाऱ्या तिसरीलाच बहुधा अद्याप काही आलेले नाही. हाच क्रम दहावीपर्यंत चालू राहिला तर ती मुलगी गाईडातील उत्तरे पाठ करीत पास होत जाईल, आणि पुढे महाविद्यालयात पहिल्याच आठवड्यात तिला कळून चुकेल की आपल्याला इंग्रजी येत नाही. तिची फसवणूक कोणी हेतुपुरस्सर केलेली नसेल.

त्या दिवशी वहीत चार ओळी लिहिल्या जाव्यात. शब्द आले, क्रम मराठी. ‘देअर’ आले, ‘इज’-‘आर’चा घोटाळा. वाचते, अर्थ नाही. समजते, बोलत नाही. व्याकरणदृष्ट्या ही वाक्येही नव्हेत, आणि तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यास ती आवडतील असे नाही. पण उद्याचे टाचण त्यांच्यातच आहे. उद्या तीच टोपली पुन्हा आणावयाची. पहिलीकडून वाक्याची सुरुवात पुनःपुन्हा म्हणून घ्यावयाची, दुसऱ्यापुढे एक कांदा आणि चार कांदे असे जोडीने ठेवावयाचे, तिसरीसमोर टोपलीतील वस्तू सतत बदलावयाच्या, आणि चौथ्याला आणखी चार दिवस आज्ञा पाळू द्यावयाच्या. एका तासिकेत, एकाच साहित्यावर हे होऊ शकते. बहुवर्ग शाळेत तर ते अधिकच सोपे, कारण तेथील शिक्षकाला एकाच वेळी निरनिराळ्या मुलांना निरनिराळे काम देण्याची सवय असते. शहरातील साठ मुलांच्या वर्गाला ही सोय नाही, हा पाड्यावरील लहान शाळेचा एक दुर्लक्षित फायदा होय.

असे शिकविण्याचा एक मोठा प्रयोग भारतातच झाला, आणि भाषाशिक्षणाच्या जगात त्याची दखल घेतली गेली. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील काही साध्या शाळांत इंग्रजी शिकविण्याचा जो उपक्रम केला तो ‘बंगलोर प्रकल्प’ म्हणून प्रसिद्ध आहे. व्याकरणाचे घटक क्रमाने शिकविण्याऐवजी त्यांनी मुलांपुढे सोडविण्याजोगी कामे ठेवली: रेल्वेचे वेळापत्रक, गावाचा नकाशा, एखाद्याचा दिनक्रम. प्रथम तसेच एक काम शिक्षकाने सर्व वर्गाबरोबर तोंडी सोडवून दाखवावयाचे. नंतर दुसरे मुलांनी स्वतःचे स्वतः करावयाचे. यात नियोजनाच्या दृष्टीने मोलाची गोष्ट म्हणजे प्रभूंची कसोटी. वर्गातील निदान निम्म्या मुलांना निदान निम्मे काम बरोबर जमले, तर काम त्या वर्गाच्या आवाक्यातले समजावे. त्याहून फार कमी जमले तर ते अवघड होते. सर्वांनाच सर्व जमले तर त्यातून शिकण्यासारखे काही उरले नव्हते. पुढचे काम या निकालावरून आखावयाचे. मूल्यमापन आणि नियोजन यांची गाठ इतक्या साध्या अपूर्णांकाने घातल्याचे दुसरे उदाहरण सहसा आढळत नाही, आणि त्यासाठी ना छापील तक्ता लागतो ना संगणक.

किन्हवलीत याला साहित्य शोधण्याची गरज नाही. एस.टी.च्या फेऱ्यांचा एक लहानसा तक्ता फळ्यावर मांडावा: किन्हवली, शहापूर, आसनगाव, सरळगाव, मुरबाड, सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ. मग प्रश्न. दहाच्या लोकलने कल्याणला जावयाचे तर कोणती गाडी धरावी? मुरबाडहून परत येण्यास शेवटची फेरी कोणती? ती चुकली तर? प्रश्न इंग्रजीत, उत्तर आरंभी एका शब्दाचेही चालेल. या प्रश्नांचे उत्तर पाठ करता येत नाही, कारण तक्ता शिक्षक दररोज बदलू शकतो. आणि उत्तर चुकले तर वेळ वाचता आली नाही, प्रश्न समजला नाही, की सांगण्यासाठी शब्द नव्हता, हे त्याच क्षणी दिसते. पाठ्यपुस्तक टाकून द्यावे असा याचा अर्थ नाही. ‘बालभारती’च्या अलीकडच्या इंग्रजी पुस्तकांत संवाद, खेळ, चित्रे यांची रेलचेल आहे, ती पुस्तके पानामागून पान संपविण्यासाठी वापरली जातात, एवढीच अडचण आहे.

पान संपविण्याचे हे गणित वार्षिक नियोजनातून येते. जूनमध्ये बारा महिन्यांचा अभ्यास महिनावार वाटला जातो, आणि ती वाटणी सगळीकडे जवळजवळ एकसारखीच असते. किन्हवली परिसराचे वर्ष मात्र निराळे चालते. पाऊस स्थिरावला की आवणी सुरू होते, आणि त्या आठवड्यांत वरच्या वर्गांतील मुले-मुली खाचरात असतात किंवा धाकट्या भावंडांना सांभाळत घरी असतात. भाताची कापणी आणि झोडणी आली की पुन्हा तेच. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात आणि मुले त्यांच्याबरोबर जातात. ज्या वर्गातील काही मुले जुलैत पंधरा दिवस नसतात आणि काही मुले नोव्हेंबरपासून थेट पावसाळ्यापर्यंत नसतात, त्या वर्गाचे नियोजन ‘जुलै: घटक तीन आणि चार’ असे लिहून कसे भागेल? याच ठाणे जिल्ह्यात, आता पालघरमध्ये गेलेल्या कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली होती. मुलाच्या दिवसाप्रमाणे शाळेचा दिवस आखणे याला त्यांनी नियोजन मानले. (मुरबाड तालुक्यातील फांगणे येथे ८ मार्च २०१६ रोजी योगेंद्र बांगर यांनी सुरू केलेली आजीबाईंची शाळाही दुपारी, घरची कामे आटोपल्यावर भरू लागली. तेथे इंग्रजी नव्हते आणि श्रेणीही नव्हत्या; अंगठ्याच्या जागी सही आली, एवढी प्रगती कोणासही मोजता येत होती.)

आणखी एक गोष्ट टाचणात कधी येत नाही. ठाकूर किंवा कातकरी वस्तीवरील मुलाची घरची बोली पाठ्यपुस्तकातील मराठीहून वेगळी असते. इंग्रजी शब्दाचा अर्थ त्याला प्रमाण मराठीतून सांगितला जातो, म्हणजे एक अनोळखी शब्द दुसऱ्या अर्धवट ओळखीच्या शब्दाने समजाविला जातो. मूल गप्प राहिले की नोंद होते ती ‘इंग्रजीत रस घेत नाही’ अशी. वस्तू, कृती आणि चित्र यांवरून अर्थ पोचविला, आणि मुलाने तो आपल्या बोलीत सांगितला तरी बरोबर मानला, तर निदान तो अडला आहे कोठे हे तरी कळेल. शिक्षकाला ती बोली बोलता आली पाहिजे असे नाही. शे-दोनशे शब्द कानावरून गेलेले असले तरी पुष्कळ काम भागते.

तोंडी परीक्षेचा प्रश्न यालाच जोडून येतो. बोलणे हाच ज्या भाषेचा वर्गाबाहेरचा मुख्य अभाव, तिच्या बोलण्याची परीक्षा आपल्याकडे नेहमीच ऐच्छिक उपकारासारखी राहिली. शालान्त परीक्षेत भाषांचे २० गुण शाळेच्या हाती होते आणि ते सढळ हाताने वाटले जात, हे उघड गुपित होते. मार्च २०१९ च्या परीक्षेत ते गुण काढून टाकण्यात आले. आदल्या वर्षीचा ८९.४१ टक्के निकाल ७७.१० टक्क्यांवर घसरला. गदारोळ झाला, गुण परत आले, आणि मार्च २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. या साऱ्या प्रकरणात मुलांना इंग्रजी किती बोलता येते, हे मात्र कोणत्याच वर्षी कोणास कळले नाही. गुण काढून टाकणाऱ्यांनी तोंडी परीक्षेचा विचार केला नाही आणि परत मागणाऱ्यांनीही केला नाही. दोघांच्याही डोळ्यांपुढे टक्केवारी होती.

टक्केवारीचा हा मोह खालच्या वर्गांतही उतरला आहे. अलीकडच्या वर्षांत राज्यभर घेतल्या जाणाऱ्या नियतकालिक मूल्यांकन चाचण्यांत प्रथम भाषा आणि गणित यांच्याबरोबर इंग्रजीचाही समावेश झाला. अशी चाचणी मुळात वाईट नव्हे. वर्षाच्या आरंभी मुले कोठे उभी आहेत हे कळले तर हवेच आहे. पण चाचणीचे गुण ऑनलाइन भरले जातात आणि वर जातात, मुलाची चूक मात्र उत्तरपत्रिकेवरच राहते, आणि उत्तरपत्रिका कपाटात. जिल्ह्याला आणि राज्याला आकडा पुरतो. शिक्षकाला आकड्याचा उपयोग नाही. त्याला चूक हवी. इस्रायलमधील रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगाची येथे आठवण होते. काही मुलांना केवळ गुण दिले, काहींना केवळ लेखी अभिप्राय, काहींना दोन्ही. केवळ अभिप्राय मिळालेल्या मुलांचे काम सुधारले. दोन्ही मिळालेल्यांचे केवळ गुण मिळालेल्यांपेक्षा फारसे बरे झाले नाही. गुण दिसला की मूल अभिप्राय वाचीत नाही, हा अनुभव महाराष्ट्रातील कोणत्याही शिक्षकाला नवा वाटणार नाही.

शिक्षकाचे स्वतःचे इंग्रजी कच्चे असेल तर यातील काय साधणार, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो खोटा नाही. मराठी माध्यमात शिकून डी.एड. झालेल्या शिक्षकाला पहिलीपासूनचे इंग्रजी शिकविण्याचे काम २००० नंतर अंगावर पडले; त्यासाठी त्याला जे मिळाले ते चार-पाच दिवसांचे प्रशिक्षण. यावर राज्यातील काही जिल्ह्यांत २०१६ पासून ‘तेजस’ या प्रकल्पात एक वेगळा उपाय करून पाहिला गेला. शासन, टाटा ट्रस्ट्स आणि ब्रिटिश कौन्सिल यांच्या सहकार्याने शिक्षकांचे लहान गट, म्हणजे टीचर ॲक्टिव्हिटी ग्रुप, तयार झाले. जवळपासच्या शाळांतील शिक्षकांनी ठराविक काळाने एकत्र यावयाचे, इंग्रजीत बोलावयाचे, वर्गात काय केले आणि काय फसले ते सांगावयाचे. फसलेले सांगावयास जागा असणे, ही त्यातील महत्त्वाची बाब. शिवाय टोपलीतील अंड्यांच्या पाठाला शेक्सपिअर येण्याची आवश्यकता नसते. मुलाचे वाक्य मराठी साच्यात का पडले, हे ओळखण्यासाठी उत्तम इंग्रजीइतकेच उत्तम मराठी लागते, आणि ते शिक्षकाजवळ आहे.

दुसरा आक्षेप वेळेचा. तोही खरा, परंतु येथे अधिक काम मागितलेले नसून कामाची अदलाबदल मागितलेली आहे. दररोज पाच मुलांकडे लक्ष ठेवले तर २५ मुलांचा वर्ग आठवड्यात पुरा होतो. प्रत्येकापुढे चार शब्द, म्हणजे दिवसाला वीस. त्या मोबदल्यात सत्राअखेरच्या छापील वर्णनात्मक नोंदी शिक्षकाला माफ कराव्यात. हे शिक्षकाच्या हाती नाही. ज्यांच्या शेऱ्यासाठी त्या नोंदी लिहिल्या जातात त्यांच्या हाती आहे. केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत, टाचणवह्या तपासण्याऐवजी, त्या महिन्यात कोणत्या चुकीमुळे कोणता पाठ बदलला एवढेच प्रत्येकाने सांगावे असे केंद्रप्रमुखांनी ठरविले, तर किन्हवलीसारख्या केंद्रात एका सत्रात फरक दिसू लागेल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना मांडली आहे; त्यात मुलाने स्वतःचे आणि सोबत्याचेही मूल्यमापन करावे अशी अपेक्षा आहे. तेही चारशे तयार वाक्यांत बुडू नये यासाठी आतापासून सावध राहिले पाहिजे.

दरम्यान, पालक थांबलेले नाहीत. शहापूर-मुरबाडमधील इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या गाड्या खेड्यांपर्यंत येऊ लागल्या आहेत, आणि ज्याला फी परवडते तो आपले मूल त्यांत बसवितो. जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट त्यामुळे घटतो, पट घटला की शिक्षक कमी होतो, आणि मागे राहतात ती ज्यांना दुसरा पर्याय नाही अशी मुले. त्यांतही सर्वांत मागे राहते ते भट्टीवर जाणारे मूल. त्याच्यापुरते नियोजन दिवाळीच्या आत पुरे व्हावे लागेल: जून ते ऑक्टोबर या काळात त्याला कोणती वाक्ये बोलता आणि वाचता यावीत, ते आधी ठरवावे लागेल, आणि निघताना त्याच्या हाती श्रेणीऐवजी एक कागद द्यावा लागेल. लहान अक्षरे ओळखते. तीन अक्षरी शब्द वाचते. ‘बी’ आणि ‘डी’ यांची गल्लत होते. ऐकलेली सूचना पाळते. भिवंडीच्या भट्टीजवळच्या शाळेतील शिक्षकाला तो कागद वाचून दुसऱ्या दिवसाचा पाठ घेता आला पाहिजे, आणि मे महिन्यात मूल परत आले की त्याच कागदाच्या मागच्या बाजूवर त्या शिक्षकाच्या हातच्या चार ओळी किन्हवलीच्या शिक्षकाला सापडल्या पाहिजेत.